फळ्यावरची नावं

चौथीत मी वर्गाचा मॉनिटर होतो. काम एकच होतं. बाई ऑफिसात गेल्या की फळ्यापाशी उभं राहायचं आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायची. पुन्हा बोलला की नावापुढे एक फुली, आणखी बोलला की आणखी एक. बाई परत आल्या की जितक्या फुल्या तितक्या पट्ट्या, तळहातावर.

एका मुलाचं नाव फळ्यावर रोज असायचं. इतकं ठरलेलं, की खडू हातात घेतला की मी आधी ते लिहायचो आणि मग वर्गाकडे बघायचो. एक दिवस असंच लिहिलं, आणि त्या दिवशी तो खरोखर गप्प होता. खाली मान घालून पाढे लिहीत होता. कुणीतरी त्याला ढोसलं. त्यानं फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी कुठं बोललो?" मी म्हणालो, "आता बोललास की." वर्ग हसला. मग त्यानं वही मिटली आणि बाई येईपर्यंत जो धिंगाणा घातला, तो त्यानं एरवीही कधी घातला नव्हता. नाव लागलेलंच होतं, आता गप्प बसून काय मिळणार होतं? मी आनंदानं फुल्या मारत गेलो. मला वाटलं, माझा अंदाज खराच होता.

त्या मुलाचं नाव इथे देत नाही. माझ्या हातून ते पुरेशा वेळा लिहून झालंय.

ही गोष्ट मी जवळपास विसरलो होतो. आठवली ती गेल्या वर्षी, ताईसोबत तिच्या मुलाच्या शाळेत गेलो तेव्हा. दाजी कामासाठी बाहेरगावी होते, म्हणून मी. भाचा सहा वर्षांचा, पहिलीत. त्यानं शेजारच्या मुलीच्या मनगटाला चावा घेतला होता. रक्त आलं नव्हतं, पण दातांची कमान उमटली होती. त्याआधी एकाचा डबा फेकणं, रांगेत ढकलणं, तास चालू असताना उठून वर्गाबाहेर जाणं, असं बरंच होतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मनगटाचा फोटो फिरला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अशा मुलांना वेगळं बसवा.' ताईनं तो मेसेज मला दाखवला आणि म्हणाली, "अशा मुलांना म्हणजे कशा रे?"

परतताना रिक्षात तिनं आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्या डोक्यातून गेला नाही. "सहा वर्षांच्या मुलाची चूक असते का? आणि नसेल, तर मग मी त्याला रागवायचं कशासाठी?"

आपल्याकडे याचं सर्वांत जुनं उत्तर म्हणजे दोन धपाटे. शाळेत त्याला आता बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी, आणि त्याच्या १७व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. मी चौथीतून बाहेर पडलो त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पण हा कायदा शाळेपुरता. घरात मारण्यावर बंदी घालणारा जगातला पहिला देश स्वीडन, १९७९ साली. आपल्या घरात आजही 'आम्ही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं' हे वाक्य सगळ्या चर्चा संपवतं.

मारण्याच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याचा परिणाम तत्काळ होतो. मूल थांबतं. आणि खरी गोम तिथेच आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं, की ज्या कृतीनंतर लगेच काही हवंसं मिळतं ती कृती पुन्हा पुन्हा केली जाते. आता बघा, धपाट्यानंतर लगेच हवंसं कुणाला मिळतं? मारणाऱ्याला. घर शांत होतं, सुटल्यासारखं वाटतं. म्हणजे धपाट्यानं पक्की सवय लागते ती आईबापांना. मूल फार तर एवढं शिकतं, की शब्द संपले की हात उचलायचा. भाचा नेमकं तेच करत होता. शब्द संपले की दात.

दुसरं उत्तर नवीन आहे आणि माझ्यासारख्यांना ते पटकन पटतं. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर एक बैठक होते. तिथे 'कुणी केलं' हे विचारायचं नाही, असा नियम असतो. विचारायचं ते 'हे होऊ शकलं कसं'. दोष दिला की माणसं लपवाछपवी करतात आणि खरं कारण हाती लागत नाही. मी ताईला म्हणालो, आपण हेच करू. टीचरशी बोललो, त्याही तयार झाल्या. तीन आठवडे प्रत्येक प्रसंगाच्या तीनच गोष्टी लिहायच्या: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं.

अकरा प्रसंग जमले. त्यातले आठ डब्याच्या सुट्टीच्या आधीच्या तासातले होते. व्हॅन सकाळी पावणेसातला येते. ताई-दाजी रात्री नऊला घरी पोचतात, त्यामुळे मूल झोपतं साडेअकराला. सात प्रसंगांत आधी एकच गोष्ट होती, वाट बघणं. वही तपासायची रांग, पाण्याची रांग, आपली पाळी. आणि नंतरचा रकाना तर डोळे उघडणारा होता. शिक्षा म्हणून त्याला वर्गाबाहेर काढलं जाई. बाहेर मावशी बसलेल्या असत, त्या त्याच्याशी गप्पा मारत, कधी खारे दाणे देत. म्हणजे बेचाळीस मुलांच्या वर्गातून सुटून एका माणसाचं पूर्ण लक्ष मिळवण्याचा त्याला सापडलेला खात्रीचा मार्ग होता, शेजारच्याला ढकलणं.

आणखी एक गोष्ट होती. तो डिसेंबरमध्ये जन्मलेला, वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांपैकी एक. काही मुलं त्याच्याहून जवळजवळ वर्षानं मोठी. सहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे सहावा हिस्सा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या ९ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना 'एडीएचडी' हे निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के जास्त निघालं. एडीएचडी खोटा आहे असा याचा अर्थ नाही. ज्या मुलांना तो असतो त्यांना उपचार मिळायलाच हवेत. पण कधीकधी लहान असण्यालाच आपण आजार म्हणतो, एवढं यातून दिसतं.

झोप सुधारली. रांगेत त्याला पहिल्या पाचात उभं करायचं ठरलं. बाहेर काढणं बंद झालं. प्रसंग कमी झाले. मी खूश होतो.

मग एका रविवारी माझ्यासमोर त्यानं शेजारच्या मुलाला जोरात ढकललं. मी ओरडलो. तो माझ्याकडे वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, माझी झोप नव्हती झाली."

मी गप्प झालो. महिनाभर आम्ही त्याच्या देखत हेच बोलत होतो. 'झोप नाही झाली म्हणून चावला.' 'रांगेत राहावत नाही ना त्याला.' आम्हाला वाटत होतं आम्ही त्याला समजून घेतोय. तो ऐकत होता, की त्याच्या हातून जे होतं ते दुसरंच काहीतरी करतं, तो करत नाही. त्याच्यावरचा दोष काढता काढता आम्ही त्या गोष्टीतून त्यालाच काढून टाकलं होतं.

पीटर स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा १९६२ सालचा 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' हा निबंध मी नंतर वाचला. तो म्हणतो, आपण माणसांकडे दोन प्रकारे बघतो. एकात समोरचा आपल्यासारखा माणूस असतो. त्याचा राग येतो, त्याचे आभार वाटतात, त्याला माफ करता येतं. दुसऱ्यात समोरचा म्हणजे हाताळायची, दुरुस्त करायची, आवरायची गोष्ट असते. तिथे रागाला जागा नसते, पण नात्यालाही नसते. आणि स्ट्रॉसन आवर्जून सांगतो, की लहान मुलं वाढवणाऱ्यांना या दोहोंच्या मधे कुठेतरी उभं राहावं लागतं आणि हळूहळू एकीकडून दुसरीकडे सरकावं लागतं.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. सहा वर्षांच्या मुलाची चूक मोठ्या माणसाच्या चुकीसारखी नसते. पण आपण त्याला 'हे तू केलंस' असं कधी म्हटलंच नाही, तर 'हे मी केलं' असं म्हणणारा माणूस तो होणार कसा? रागावणं ही मागच्या कृत्याची किंमत वसूल करणं नाही. 'तू याहून वेगळं वागू शकतोस' हा विश्वास त्यात असतो. निदान असायला हवा. सर्व्हरला असा विश्वास दाखवावा लागत नाही, म्हणून आमच्या बैठकीचा नियम घरी अर्धाच चालतो.

म्हणून मी आता एक साधी विभागणी मानतो. कारणं मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावीत, मुलाशी बोलावं ते कृतीबद्दल. झोप, रांग, भूक, वय हे ताई, टीचर आणि मी बघू, ते बदलणं आमचं काम. त्याच्याशी बोलणं दोन वाक्यांचं. "तू ढकललंस. त्याला लागलं." हात उगारला असेल तर तो तिथल्या तिथे धरायचा, आधी दुसऱ्या मुलाला सांभाळायचं. परिणाम लहान असावा, लगेच असावा, दर वेळी तोच असावा आणि त्याच दिवशी संपावा. उद्या सकाळी फळा कोरा हवा.

आता उरलेली एकेचाळीस मुलं. ग्रुपवरच्या त्या पालकांचा मला तेव्हा राग आला होता, आज तितका येत नाही. आपल्या मुलीच्या मनगटावर दातांच्या खुणा बघून कुणीही पेटेल. ती मुलगी काही भाच्याच्या वाढीचं साहित्य नव्हे. तिलाही निर्धास्तपणे शिकायचा हक्क आहे. पण कायद्याच्या १६व्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि मला हे कलम नैतिकदृष्ट्याही बरोबर वाटतं. काढलेलं मूल नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीशेजारी बसतं, फक्त आणखी चिडलेलं. खरं तर हाच कायदा पहिली ते पाचवीसाठी एका शिक्षकामागे तीस मुलांचं प्रमाण सांगतो. आमच्या टीचरसमोर बेचाळीस होती. आम्ही पालक एकमेकांशी भांडलो, टीचरशी भांडलो. वर्गात बेचाळीस मुलं का, हे त्या ग्रुपवर कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक पहिल्याच दिवशी सपशेल आपटतो. तो मुलांकडून शांततेचा खेळ करून घ्यायला जातो आणि मुलं त्याचीच टर उडवतात. मुलं बिघडलेली आहेत असा निष्कर्ष तो काढत नाही. आपली योजना चुकली हे मानतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला घेतो. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मुलं शाळेत बसत नाहीत, तर शाळा थोडी हलवून बघू. बेचाळीस मुलांच्या वर्गात टीचरनं कुरण कुठून आणायचं, हा प्रश्न आहेच. पण पहिल्या पाचात उभं करणं, एवढी शाळा त्यांनीही हलवलीच.

चाव्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. टीचरनं त्याला जबरदस्तीनं सॉरी म्हणायला लावलं नाही. त्या मुलीलाच विचारलं, त्यानं काय करावं असं तुला वाटतं? ती विचार करून म्हणाली, "त्यानं दोन दिवस माझ्या बाकावर बसायचं नाही." तो दोन दिवस मागे बसला. तिसऱ्या दिवशी तिच्यापाशी गेला आणि विचारलं, "आज बसू?" ती थोडी सरकली. मला यापेक्षा चांगला न्याय सुचला नसता.

गेल्या महिन्यात तो सांगत होता, की त्यांच्या वर्गातही आता मॉनिटर आहे आणि तो फळ्यावर नावं लिहितो. माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, "तुझं लिहिलं का कधी?"

"हो, काल लिहिलं."

"मग तुला राग नाही आला?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मामाला काहीच कळत नाही. "राग कशाला? मी बोलत होतो ना."