आमचा देव खूश होत नाही

बेळगावात मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत लष्करातली बिऱ्हाडं येत-जात असतात. अशाच एका बिऱ्हाडातली मुलगी एका दुपारी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. आधी ते इंफाळला होते. म्हणाली, "काकू, हे बघा, तिथला देवांचा उत्सव. लाई हराओबा. लाई म्हणजे देव, आणि हराओबा म्हणजे आनंद करणं. देव खूश व्हावेत म्हणून मैतेई लोक दरवर्षी हे करतात." आणि मग अगदी सहज विचारलं, "तुमचा देव कशानं खूश होतो हो?"

मी म्हटलं, "आमचा देव खूश होत नाही, बाई. रागावतही नाही."

ती हसली. मला हसू आलं नाही. माझी नणंद, आमच्या सगळ्यांची अक्का, चार वर्षं झाली बस्तीची पायरी चढलेली नाही. तिचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी तापानं गेला. तेराव्या दिवसाच्या आत आमच्यातलीच एक बाई तिला म्हणाली, "पद्मावतीची ओटी तू त्या वर्षी भरली नव्हतीस ना?" बोलणारी वाईट नव्हती. दुःखाला काहीतरी कारण शोधत होती. पण ते कारण अक्काच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

वीतराग देव मानणारी आम्ही माणसं, आणि तरी देवी नाराज झाली म्हणून पोर गेलं असं बोलतो. हे आलं कुठून?

म्हणून मी ते चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं, मिळेल ते वाचलं. हा उत्सव मणिपूरच्या खोऱ्यात साधारण चैत्र-वैशाखाच्या सुमारास सुरू होतो. प्रत्येक गावाचा आपला देव असतो, त्यांना उमंग लाई म्हणतात, म्हणजे राईतले देव. मोइरांगचा थांगजिंग त्यातला मोठा. सुरुवात पाण्याकाठी होते. देव पाण्यात आहे असं धरून सोन्या-चांदीचा तुकडा पाण्याला देतात आणि दोऱ्याच्या वाटेनं देवाला घड्यात बोलावून घेतात. हे काम माइबीचं. माइबी म्हणजे देवानं निवडलेली बाई. अंगात येतं, मग जुन्या जाणत्या माइबीकडे राहून शिकायचं. पुरुषाला हे बोलावणं आलं तर तोही बायकी पांढरा वेश घालतो. शेजारी पेना वाजत असतो, एकतारी वाद्य, आपल्या रावणहत्थ्याच्या जातीचं.

पुढं माइबी नाचते ते काय असतं? हातांच्या मुद्रांनी ती माणसाचं शरीर घडवते, एकेक अवयव. शरीर झालं की घर बांधते. मग जमीन साफ करून कापूस पेरते, वेचते, सूत काढते, कापड विणते. देवासमोर ती बाईमाणसाचं रोजचं काम मांडते!

मला इथं दोन गोष्टी एकदम आठवल्या. एक आमची अशुचि भावना. तिच्यातही शरीराचे भाग मोजायचे असतात, पण ते सुटावं म्हणून. दुसरी नीलांजनेची गोष्ट. ऋषभदेवांच्या सभेत ती नाचता नाचता संपली, इंद्रानं क्षणात दुसरी उभी केली, इतर कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त ऋषभदेवांना दिसलं आणि ते निघाले. आमच्याकडे नाच बघून राजा घर सोडतो, तिथं नाचून बाई घर उभं करते. पण त्याच ऋषभदेवांनी आधी लोकांना शेती नि शिल्प शिकवलं होतं, हे आपण विसरतो. आम्हा बायकांना त्यांची ती पहिली बाजू जास्त कळते, असं मला वाटतं. (महाराजांसमोर बोलायचं धाडस नाही, इथं लिहिते.)

लाई हराओबा मला फार गोड करून सांगायचा नाही. विधीत चूक झाली तर गावावर संकट येतं, हा समज तिथंही आहे. अंगात येण्याचं भय मलाही वाटतं. आणि 3 मे 2023 पासून त्याच मणिपुरात माणसांनी माणसांची घरं जाळली, हजारो बायका छावण्यांत दिवस काढत राहिल्या. डोंगर आणि खोरं असे दोन तट पडले. त्या उत्सवात मात्र खोऱ्यातले देव नोंगपोक निंगथौ आणि पांथोइबी डोंगरातल्या तांगखुलांच्या वेशात येतात. घर बांधायचा नाच माहीत असलेली माणसंही घर जाळण्यापासून वाचत नाहीत. मग देव खूश झाला होता की नव्हता? हा प्रश्न तिथल्या आईला विचारायची माझी हिंमत नाही. अक्कालाही कुणी विचारायला नको होता.

समंतभद्राचार्यांनी स्वयंभूस्तोत्रात वासुपूज्य भगवानांना उद्देशून जे म्हटलंय त्याचा आशय असा, की तुम्हाला ना पूजेशी देणंघेणं, ना निंदेशी. तरी तुमच्या गुणांची आठवण आमचं मन धुऊन काढते. लहानपणी हे मला कोरडं वाटायचं. देव ऐकतच नसेल तर घसा कशाला फोडायचा? आता कळतं की त्या कोरडेपणातच मोठी दया आहे. जो खूश होत नाही, तो ओटीचा हिशेबही ठेवत नाही. पद्मावती तरी काय, त्याच पार्श्वनाथांची सेविका. ती हिशेब ठेवून पोर नेईल?

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण काकू, मग तुम्ही रोज अभिषेकाला कशाला जाता?" मी तिला माइबीकडे बोट दाखवलं. हात काम विसरू नयेत म्हणून, असं काहीतरी बोलले. तिला पटलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अक्काकडे गेले. म्हटलं, "बस्तीत ये, गंध उगाळायला कुणी नाही." ती म्हणाली, "कुणाला खूश करायचंय आता?"

"कुणालाच नाही. नुसती ये."

ती अजून आलेली नाही. पण सहाणखोड मागून घेतलं. रोज सकाळी सातच्या आत वाटीत गंध उगाळून नातीबरोबर पाठवते, केळीच्या पानानं झाकून.