सूर्याचा वारा

२ सप्टेंबर २०२३ हा शनिवार होता. सूर्याचा अभ्यास करणारे ‘आदित्य एल-१’ हे यान श्रीहरिकोट्याहून अकरा वाजून पन्नास मिनिटांनी सुटणार म्हणून आमच्या शाळेने मुलांना सभागृहात बसवून ठेवले. उड्डाण झाले, टाळ्या झाल्या. उरलेल्या वेळाचे काय करायचे हा प्रश्न सर्व शाळांत सुटतो तसाच आमच्याकडेही सुटला. मुलांना चित्रकलेच्या मास्तरांच्या, म्हणजे माझ्या, हवाली करण्यात आले. मी फळ्यावर लिहिले : ‘विषय – सूर्य.’

आठवीतल्या एका मुलीने सूर्य काढला होता खरा, पण पिवळा खडू बोटाने फासून सारा कागद धुरकट करून टाकला होता. किरण म्हणून एक नाही.

“हे काय?” मी विचारले.

“सर, सूर्याचा वारा आहे.”

“सूर्याला कसला आलाय वारा?”

वर्ग हसला. मी दहापैकी चार गुण दिले आणि पुढच्या बाकाकडे वळलो.

सूर्याला वारा असतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर चित्रकलेची पदविका. ही गोष्ट मला मागाहून, वाचून कळली. त्या पोरीने ती बहुधा सकाळच्या दूरदर्शनवर ऐकली असावी, कारण आदित्य यानावर हा वारा मोजणारे एक उपकरणच आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश तापलेला. पण खग्रास ग्रहणात त्याच्याभोवती जे प्रभामंडल दिसते, ते दहा लाख अंशांहूनही तप्त. १९५८ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन पार्कर या एकतीस वर्षांच्या तरुणाने गणित मांडले, की एवढा तापलेला वायू जागच्या जागी राहूच शकणार नाही. तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने चहूकडे वाहत सुटला पाहिजे. धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का असते, याचा उलगडाही या वाऱ्यात होता.

पार्करने लेख ज्या नियतकालिकाला धाडला, त्याने तो दोन परीक्षकांकडे पाठवला. दोघांनीही नापास केला. लेखकाने आधी ग्रंथालयात जाऊन या विषयाचे थोडे वाचन करावे, असेही एकाने सुचवले. आम्हा कादंबरीकारांना ‘साभार परत’ची चिठ्ठी परिचयाची असते, पण तिच्यात निदान आभार तरी असतात!

संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनी पार्करला सांगितले, की दोन मोठे तज्ज्ञ हे चूक आहे म्हणतात. पार्कर म्हणाला, गणितात चूक कुठे आहे ते मात्र दोघांनीही दाखवलेले नाही. चंद्रशेखरांना स्वतःलाही ती कल्पना पटलेली नव्हती. गणितात मात्र त्यांनाही चूक सापडेना. त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाला हा वारा वाटभर लागत राहिला.

माझे मन अडकले आहे ते त्या संपादकाच्या टेबलापाशी. हेच चंद्रशेखर चोवीस वर्षांचे असताना, ११ जानेवारी १९३५ रोजी, लंडनच्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत उभे राहिले होते. विझत चाललेल्या ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असेल तर तो श्वेतबटू म्हणून स्थिरावू शकत नाही, हे त्यांचे गणित. त्यांच्यामागून आर्थर एडिंग्टन उठले आणि त्या गणिताची त्यांनी अशी काही टिंगल केली, की सभा हसली. त्याच कार्यासाठी चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते १९८३ मध्ये. आणि १९८२ मध्ये एडिंग्टनच्या जन्मशताब्दीची व्याख्याने दिली तीही त्यांनीच, अगदी आदराने.

हसण्याचा घाव सोसलेला माणूस पुढे दुसऱ्यावर हसत नाही, असा काही नियम आहे का? आपल्या घरांतला अनुभव तरी निराळा आहे. सासुरवास भोगलेली सून सासू झाली म्हणजे काय करते ते मी सांगायला नको. मी स्वतः सहावीत हिरवा बैल काढला होता. आमच्या मास्तरांनी तो वर्गाला उंच धरून दाखवला होता. ते हसू मी तीस-बत्तीस वर्षे जपून ठेवले, आणि त्या शनिवारी मीच ते वर्गात वाटले. दुःखाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मला वाटते, दुःखाने माणसाला पुष्कळदा नुसती सवय लागते.

यावर माझे मन एक सबब पुढे करते. चंद्रशेखरांपाशी गणित होते. आवडो न आवडो, समीकरण तपासून पाहता येत होते. चित्र कशाने तपासायचे? आणि जे न पटेल ते सारेच चांगले म्हणत सुटलो, तर गुण देणारा हवा तरी कशाला? सबब अगदीच खोटी नाही. खरे सांगायचे तर ते धुरकट चित्र मला आजही आवडत नाही. पण “वारा कसला, सांग बरे” एवढे विचारायला गणित लागत नव्हते. मी विचारले तेही प्रश्नासारखे दिसणारे उत्तरच होते.

पार्करच्या नावाचे यान १२ ऑगस्ट २०१८ रोजी सूर्याकडे सुटले, तेव्हा एक्याण्णव वर्षांचे पार्कर ते पाहायला हजर होते. मार्च २०२२ मध्ये ते गेले. त्यांचे यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवरून, त्या वाऱ्याच्या उगमातूनच, पार झाले. चंद्रशेखरांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण १९९९ मध्ये अंतराळात गेली. ती पाहायला ते नव्हते. संपादकाच्या वाट्याला बहुधा असेच येते.

आदित्य यानावर आमच्या पुण्याच्या ‘आयुका’ने घडवलेली एक दुर्बीण आहे. तिने घेतलेली सूर्याची छायाचित्रे परवा मी वर्गात लावली. ती मुलगी आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत तिला बोलावून मी म्हणालो, “तुझे ते सूर्याचे चित्र आणशील का? इथे लावू.”

ती जरा आठवू लागली. मग म्हणाली, “सर, त्याच्या पाठीमागे मी बीजगणित सोडवलं होतं. रद्दीत गेलं असेल.”

मी कपाटातून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, घडी न पाडता वहीत ठेवला आणि म्हणाली, “सहामाही आहे सर. दिवाळीनंतर बघते.”