एकाच माणसाच्या दोन सह्या

गेल्या वर्षी मी ऑफिसात एका कागदावर सही केली. आमच्या टीममधल्या एका दादाने सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचे पैसे मागितले होते. सगळ्यांसमोर आणि सगळ्यांसाठी. पंधरा दिवसांनी एक निवेदन फिरलं. हा माणूस टीमचं वातावरण बिघडवतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहा सह्या, चौथी माझी. नोकरीला लागलो तेव्हा मला काम शिकवलं ते याच दादाने. महिन्याभरात तो गेला. जाताना त्याचा मेसेज आला, "कळलं. सांभाळून राहा." मी वाचला, उत्तर दिलं नाही.

त्या दिवसांत झोप यायची नाही. कानात इअरफोन घालून यूट्यूबवर काहीबाही ऐकत पडायचो. असंच एका रात्री दिमित्री शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराचं आठवं स्ट्रिंग क्वार्टेट लागलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, वीसेक मिनिटांची रचना. सुरुवातीलाच चेलोवर चार स्वर येतात, अगदी संथ. लहानपणी पेटी शिकलो होतो, त्यामुळे बोटं आपोआप स्वर शोधू लागली. पांढरी एकचा सा धरला तर रे, कोमल ग, सा आणि खालचा शुद्ध नी. एवढंच. पण हे चार स्वर पाठ सोडत नाहीत. पाचही भागांत ते येत राहतात, कधी कुजबुजत, कधी अंगावर धावून.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, ही त्याची सही आहे. जर्मन पद्धतीत स्वरांना अक्षरांची नावं असतात. या चार स्वरांची अक्षरं होतात डी, एस, सी, एच. त्याचं नाव जर्मनमध्ये लिहिलं तर पहिलं अक्षर डी आणि आडनावाची सुरुवात नेमकी एस, सी, एच.

ही रचना 1960 च्या जुलैमधली. एका चित्रपटाच्या संगीतासाठी तो ड्रेस्डेनजवळ गेला होता आणि तिथे त्याने तीन दिवसांत हे क्वार्टेट लिहून काढलं. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी त्याने आणखी एक गोष्ट केली होती. कम्युनिस्ट पक्षात जायला तो तयार झाला होता. आयुष्यभर जे टाळलं ते त्रेपन्नाव्या वर्षी मान्य केलं. क्वार्टेट जाहीरपणे अर्पण केलं होतं फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना. पण एका जवळच्या मित्राला पत्रात त्याने लिहिलं, की आपण मेल्यावर आपल्यासाठी कुणी असं काही लिहील असं वाटत नाही, म्हणून स्वतःच लिहून टाकलं.

एकाच उन्हाळ्यात एकाच माणसाच्या दोन सह्या, एक कागदावर आणि एक स्वरांत. मला प्रश्न पडला तो इथे. दुसरी सही पहिलीची भरपाई करते का?

आधी त्याची बाजू मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. तरुणपणी हा माणूस मूकपटांना पियानोची साथ करून पैसे कमवायचा. त्या काळातलं त्याचं संगीत खोडकर आणि बोचरं आहे, कुणाचीही भीडभाड न ठेवणारं. 1936 च्या जानेवारीत स्टालिन त्याचा 'लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा बघायला आला. दोनच दिवसांत 'प्रावदा'त निनावी लेख छापून आला. हे संगीत नव्हे, गोंधळ आहे, आणि हा खेळ वाईट थराला जाऊ शकतो, असा त्याचा सूर होता. शोस्ताकोविच तेव्हा 29 वर्षांचा होता. त्याने चौथी सिंफनी तालमी सुरू असताना मागे घेतली. ती लोकांनी ऐकली थेट 1961 मध्ये. 1937 साली त्याला आधार देणाऱ्या मार्शल तुखाचेव्हस्कीला गोळ्या घातल्या गेल्या. घरातल्या, नात्यातल्या माणसांनाही अटक आणि हद्दपारी भोगावी लागली.

त्याच वर्षी पाचवी सिंफनी आली. सांगणं सोपं आणि सुटसुटीत, शेवटी विजयाचा जल्लोष. पण तो जल्लोष इतका ठोकून ठोकून वाजतो, की आनंद खरा की सक्तीचा यावर ऐकणारे आजही भांडतात. ही त्याची शैली होऊन बसली. वरून मान्य होईल असं, आतून दुसरंच काही. अशा माणसाला एसी ऑफिसात बसून भित्रा म्हणणं मला जमणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1973 मध्ये अणुशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांच्या विरोधात संगीतकारांचं एक पत्र 'प्रावदा'त छापलं गेलं. साखारोव तेव्हा माणसांच्या हक्कांसाठी एकाकी लढत होते. पत्राखालच्या नावांत शोस्ताकोविचचं नाव होतं. त्याने खरंच सही केली की नाव परस्पर टाकलं, यावर वाद आहे. स्टालिन मरून तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि शोस्ताकोविच जगभर गाजलेला होता. लेखिका लिदिया चुकोव्हस्कायाने तेव्हा कठोर शब्द वापरले. प्रतिभा आणि दुष्टपणा एकत्र राहू शकत नाहीत, असं पुश्किनच्या 'मोत्सार्ट आणि सालिएरी' या नाटकातला मोत्सार्ट म्हणतो. तिचं म्हणणं, या एका सहीने सिद्ध झालं की राहू शकतात.

त्याचे चाहते म्हणतात, त्याचं खरं मत संगीतात शोधा. 1962 च्या तेराव्या सिंफनीत त्याने बाबी यार इथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीवरची कविता घेतली, तीही सरकारला नको असताना. कवी ब्रॉडस्कीला शिक्षा झाली तेव्हा त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. हे सगळं खरं आहे. पण मला हा हिशोब पटत नाही. इकडे उधारी, तिकडे जमा, वजाबाकी करून माणूस स्वच्छ, असं होत नाही. आठवं क्वार्टेट कितीही थोर असलं तरी साखारोवांच्या अंगावरचा एक दगडही त्याने हलत नाही. आणि आपण, ऐकणारे, त्यांच्या वतीने माफी देणारे कोण? ज्याच्याविरुद्ध सही झाली, माफीचा हक्क त्याचा.

मग त्या चार स्वरांचा उपयोग काय? मला वाटतं, ते माफी मागत नाहीत आणि सबबही सांगत नाहीत. या क्वार्टेटमध्ये तो पहिल्या सिंफनीपासून स्वतःच्याच जुन्या रचनांचे तुकडे घेतो, त्या 'लेडी मॅकबेथ'मधलीही एक धून घेतो, आणि प्रत्येकाशेजारी आपलं नाव ठेवतो. चौथ्या भागात तीन जोरदार स्वर पुन्हा पुन्हा आदळतात. काहींना ती रात्री दारावर पडलेली थाप वाटते. मला तिथे फक्त एवढंच ऐकू येतं की हा माणूस स्वतःला विसरू देत नाही. सही करणारा मीच, आणि हे लिहिणाराही मीच.

माझ्या सहीनंतर मी नेमकं उलटं करत होतो. "सगळ्यांनीच केली", "घराचा हप्ता आहे", "मी नसती केली तरी तो गेलाच असता." तिन्ही वाक्यं खरी होती. तिन्ही वाक्यांतून मी स्वतःचं नाव अलगद काढून घेत होतो. माझ्या दारावर रात्री कुणी येणार नव्हतं. फार तर अप्रेझल बिघडलं असतं. शोस्ताकोविचच्या भीतीशी माझ्या भीतीची तुलना करणं म्हणजे त्याच्या भीतीचा अपमान. आपण मात्र त्याची गोष्ट वाचून सुटकेचा श्वास घेतो: एवढा मोठा माणूस झुकला, मग आपलं काय! हा त्याच्या आयुष्याचा सगळ्यात वाईट उपयोग आहे.

मागच्या रविवारी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, त्या कागदावर माझी सही होती आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. हे मी एचआरलाही लिहून देणार आहे." बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आता लिहून काय होणार?" मला उत्तर आलं नाही. त्याने आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

त्याने माफ केलं का, माहीत नाही. ते ठरवणं माझ्याकडे नाही. मेल मात्र सोमवारी पाठवला, खाली पूर्ण नाव लिहून.