गादीत काय भरतोस?

पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेव आणि बस. पाया नंतर पडशील. आधी हे पत्रक वाच. मोठ्यानं.

वाचवत नाही ना? मग मीच वाचते. ‘मणक्यात गॅप आलाय? गादी झिजलीय? ऑपरेशन नको! स्टेम सेलयुक्त एकाच इंजेक्शनात गादी पुन्हा नवी!’ खाली तुझा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप. गादीचे ठोके ऐकतोस की काय?

हे मला कुणी आणून दिलं, माहितेय? आमच्या सोसायटीत पाण्याचे जार टाकणाऱ्या टेम्पोवाल्यानं. वीस वीस लिटरचे जार उचलून कंबर धरलीय त्याची. तू त्याला एक लाख दहा हजार सांगितलेस. आता तो टेम्पो विकायला निघालाय. टेम्पो चालवता यावा म्हणून कंबर दुरुस्त करायची आणि कंबर दुरुस्त करायला टेम्पो विकायचा. हा हिशेब त्याला तुझ्या केबिनमध्ये बरोबर वाटला, कारण समोर डॉक्टर बसला होता.

अडाण्यानं हे केलं असतं तर मी गप्प बसले असते. तुला मी शिकवलंय.

पहिल्या वर्षाची व्हायवा आठव. कमरेचे दोन मणके तुझ्या हातात ठेवून विचारलं होतं, मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला सगळ्यात मोठा भाग कोणता? तू म्हणालास, कॉर्निया. एक्स्टर्नल हसले, आणि मी तुला संध्याकाळी डिसेक्शन हॉलमध्ये थांबवून गादी कापून दाखवली. मध्ये पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत गाभा, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तंतूंची कडी, वर आणि खाली कूर्चेचे पातळ पत्रे. रक्त बाहेरच्या कड्यांशीच थांबतं. आतल्या पेशींना साखर आणि ऑक्सिजन मिळायचा तो त्या पत्र्यांमधून झिरपून. वय वाढतं तसे पत्रे कडक होतात, झिरप आटते, आत आम्ल साठतं. आधीच तुरळक असलेल्या पेशी उपाशी मरतात आणि गाभ्याचं पाणी जातं. तुझ्याच वहीत हे लिहिलेलं होतं, अक्षर भयंकर होतं तरी.

मग आता सांग, जिथे जन्मापासून राहणाऱ्या पेशींना अन्न पुरलं नाही, तिथे तू सिरिंजमधून पाहुणे सोडतोस, ते काय खाणार? तुझे वडील शेतकरी. कोरड्या विहिरीच्या भरवशावर ऊस लावणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणतात, ते मी तुला सांगायला नको.

‘मॅडम, संशोधन चालू आहे.’ चालू आहे, बाबा. मीही वाचते, निवृत्त झाले म्हणून डोळे गेले नाहीत. 2016 साली न्यूयॉर्कमध्ये सत्तेचाळीस रुग्णांवर पीआरपीची, म्हणजे रुग्णाचंच रक्त फिरवून दिलेल्या इंजेक्शनाची, चाचणी झाली, आठ आठवड्यांनी फरक दिसला. तेवढाच कागद तू लॅमिनेट करून भिंतीवर लावलास. 2022 मध्ये तसाच प्रयोग सव्वीस जणांवर झाला, तिथे मिठाच्या पाण्यापेक्षा पीआरपी सरस ठरलं नाही. तो कागद कुठाय? स्पेनमध्ये 2017 साली दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन पाहिल्या. माणसं किती? चोवीस, आणि त्यातल्या निम्म्यांना पेशी दिल्याच नव्हत्या. अशा आकड्यांवरून कुणी शहाणा माणूस नवा प्रयोग आखतो. तू क्लिनिक थाटलंस.

मोठा प्रयोगही झालाय. ऑस्ट्रेलियाच्या मेसोब्लास्ट कंपनीनं 404 रुग्ण घेऊन तिसऱ्या टप्प्याची चाचणी केली. 2021 मध्ये निकाल जाहीर झाला, आणि आधी ठरवून ठेवलेलं मुख्य उद्दिष्ट काही गाठता आलं नाही. काही रुग्णांचं दुखणं कमी झालेलं दिसलं, म्हणून कंपनी पुन्हा नव्या चाचणीला उतरली. एवढा पैसा ओतलेली कंपनी परत रांगेत उभी राहते, आणि तू मागच्या दारानं शिरून गल्ल्यावर बसतोस.

काय म्हणालास? तुझे पेशंट बरे होतात?

होतात. का होतात ते विचारलंस कधी स्वतःला? माणूस तुझ्याकडे कधी येतो? दुखणं अगदी शिगेला पोचलं की. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच नाही केलं, तरी बहुतेकांचं थोडं उतरतंच. त्यातून तू इंजेक्शनबरोबर सहा आठवडे जड उचलू नको म्हणतोस, फिजिओथेरपी लावतोस. श्रेय मात्र सुईला. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरायची शस्त्रक्रिया आठवते? वर्षानुवर्षं डॉक्टर शपथेवर सांगत होते की रुग्ण टेबलावरून हसत उठतो. 2009 साली दोन चाचण्यांत निम्म्या रुग्णांवर खोटीच शस्त्रक्रिया केली, सिमेंट न भरता. तेही तेवढेच बरे झाले. चांगल्या चांगल्या सर्जनांची तोंडं पडली होती. तुझं एवढंसं क्लिनिक, त्याची काय कथा.

आणि ज्या एमआरआयवर बोट ठेवून तू माणसाला घाबरवतोस, त्याचं काय? काहीही दुखत नसलेल्या 3110 माणसांचे स्कॅन एकत्र करून पाहिलेत. विशीतल्या 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या, ऐंशीच्या घरातल्या 96 टक्क्यांच्या. माझ्या कमरेच्या खालच्या दोन गाद्या फिल्मवर कोळशासारख्या काळ्या आहेत, आणि मी रोज तीन मजले चढते, हातात पिशवी घेऊन. ‘गॅप’ हा शब्द ऐकला की माणसाला वाटतं पाठ दुभंगली. हा शब्द तू मुद्दाम वापरतोस, कारण गॅप म्हटलं की तो भरायला माणूस पैसे काढतो.

‘अपाय तरी नाही ना?’ हे तर बोलूच नकोस. गादीत नुसती सुई घालून तपासणी केलेल्यांचा अमेरिकेत दहा वर्षं पाठपुरावा झाला, 2009 मध्ये छापून आला. सुई लागलेल्या गाद्यांपैकी 35 टक्क्यांची झीज वाढली होती, न टोचलेल्या तशाच गाद्यांत 14 टक्के. म्हणजे जी गादी वाचवायला निघालास तिलाच भोक पाडतोस. वर, जिथे रक्त पोचत नाही तिथे अँटिबायोटिक तरी सरळ कसं पोचणार? 2018 साली अमेरिकेतच नाळेच्या रक्तापासून बनवलेली दूषित इंजेक्शनं सांधे आणि पाठदुखीवर टोचली, बारा माणसं जंतुसंसर्गानं इस्पितळात गेली. तुझ्या ओटीत कुठली कुपी येते आणि ती कोण तपासतं? खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.

कायदाही तुला पाठ आहे. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्तपेशी तयार करणाऱ्या स्टेम सेलचं मान्य आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर प्रयोग समजायचा आणि नोंदणी केलेल्या चाचणीतच करायचा. जाहिरात करायची नाही. आणि प्रयोगात सामील झालेल्या माणसाकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात. पत्रकावर मोठ्या अक्षरात स्टेम सेल छापायचं आणि कुणी विचारलं की ‘छे, ते रुग्णाचंच रक्त फिरवून दिलेलं पीआरपी’ म्हणायचं! वकिलाला शोभेल ही हुशारी.

माझा या शास्त्रावर राग नाही, हे ध्यानात ठेव. पपईच्या चिकातलं कायमोपापेन गादीत टोचून सरकलेला भाग विरघळवायचे, 1982 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे जिवावरच्या ॲलर्जी आणि मज्जारज्जूच्या इजा दिसल्या, वापर आटला, शेवटी ते बाजारातून गेलं. जपाननं 2018 मध्ये कॉन्डोलिएज नावाच्या दुसऱ्या एन्झाइमला मान्यता दिली, पण तेही सरकलेल्या गादीसाठी, झिजलेल्या नव्हे. त्यांनी आधी मोजलं, मग टोचलं. तुलाही नवी गादी उगवून दाखवायची असेल तर एथिक्स कमिटीपुढे जा, चाचणी नोंदव, निम्म्यांना मिठाचं पाणी दे, निकाल उलटा आला तरी छाप. मी या वयातही तुझे आकडे तपासायला बसेन.

टेम्पोवाल्याच्या पायात ताकद कमी झालीय का, लघवीला अडतंय का, जांघेत बधिरपणा आहे का, हे तू विचारलं नाहीस. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, डॉक्टरांनी फक्त फिल्म बघितली. तीन मिनिटं. मी त्याचे पाय उचलून बघितले, ताकद शाबूत आहे. त्याला व्यायाम लागेल, जार ओढायला चाकांची ट्रॉली लागेल आणि थोडी सवड. टेम्पो बघायला गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार आहे.

फोन काढ. नंबर मी सांगते. स्पीकरवर ठेव, मला ऐकू आलं पाहिजे.