नकारानंतरची मैत्री

एडिंबरा येथे १९१० साली भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या तरुण भारतीय पाळकाने यजमानांना अवघडून टाकणारे भाषण केले. तुम्ही आमच्यासाठी पैसा ओतलात, प्राणही वेचलेत. आता आम्हांला मित्र द्या, असा त्याचा आशय. शाळा काढणारा, दवाखाना चालवणारा मिशनरी साहेब स्वर्गातल्या सिंहासनाचे आश्वासन सहज देई, पण आपल्या दिवाणखान्यात देशी पाळकाला खुर्ची देताना अडखळे. अझरय्यांचे हे गाऱ्हाणे चर्चने पुढे ऐकले, पण अर्धेच. मैत्री हे प्रचाराचे उत्तम साधन आहे, चर्चच्या भिंतींबाहेर ओळखी वाढवा, विश्वास आपोआप पोचेल, असे आता सर्रास सांगितले जाते. मला खटकतो तो यातला 'साधन' हा शब्द. अझरय्यांनी मागितले होते मित्र.

मैत्री हे साधन की मैत्रीच, या प्रश्नाचा मराठी मुलखात सगळ्यात सखोल अनुभव कवी नारायण वामन टिळकांच्या घराने घेतला. टिळकांच्या हाती बायबल पडले ते चर्चमध्ये नव्हे, तर नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाशी काव्याच्या आणि संस्कृत साहित्याच्या गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत पुढे केली. तो कोण होता हे टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, कारण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही काळ वेगळे राहून नवऱ्याजवळ परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, नवऱ्यामागून सुमारे पाच वर्षांनी. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते, की त्या काळात घरात भांडणे झाली, रुसवेफुगवे झाले, पण संसाराला धर्माची अट घातली गेली नाही. याच टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले, कविता करीत राहिले आणि हिंदूच राहिले. मिशनच्या वार्षिक अहवालात अशा माणसाला रकाना नसतो.

माझे म्हणणे एवढेच, की मैत्रीतून विश्वास सांगता येतो, पण ती मैत्री होती की गळाला लावलेले आमिष होते, हे समोरच्याने 'नाही' म्हटल्यावरच कळते. नकारानंतर येणे-जाणे टिकले, तर आधी बोललेलेही खरे होते. ते आटले, तर आधीचा चहासुद्धा संशयास्पद ठरतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. मनात धर्मांतराची आशा ठेवून केलेली मैत्री मुळातच अप्रामाणिक नव्हे काय? गांधीजींचे मत जवळपास असेच होते आणि त्यांचे ख्रिस्ती मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांच्याशी त्यांचा याच मुद्द्यावर वाद होता. १९३६ च्या 'हरिजन'मध्ये तो छापूनही आला. मनापासून पटले तर माणसाला धर्म बदलण्याची मुभा हवी, असे अँड्र्यूज म्हणत. गांधीजींना ते पटत नसे. तरी एकाला 'मोहन' आणि दुसऱ्याला 'चार्ली' म्हणणे थांबले नाही. आशा असणे हा दोष नव्हे. ती लपवणे हा दोष, आणि तिच्यासाठी मदतीचा हात आखडता घेणे हा त्याहून मोठा. समाजवादी मित्रही आपल्याला समाजवादी करू पाहतोच. धर्मांतरविरोधी कायद्यांवरच्या स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क मान्य केला, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क मात्र नाकारला. चर्चच्या मंडळींना तो निकाल आजही बोचतो. पण मित्राला तो अडचणीचा वाटू नये. दुसऱ्याचे मन आपल्या हक्कात येत नाही, हे मित्राने धरूनच चालायचे असते. मात्र जिथे एकाच्या हाती नोकरी, फी किंवा औषध आहे आणि दुसरा गरजू आहे, तिथे 'नाही' म्हणणे मुळातच महाग पडते. अशा ठिकाणी मैत्रीचे नाव घेताना दहादा विचार करावा.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतून येतो आणि मला तो अधिक जड वाटतो. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार फार काळ तग धरू शकला नाही. मैत्रीवर उभे राहिलेले माणसाबरोबर जाते, संस्था मात्र मागे उरते, असे यावरून कोणी म्हटले तर ते खोडता येत नाही. चर्चजवळ रविवारची घंटा असते, लग्नाचे रजिस्टर असते, आणि माणूस गेल्यावर त्याला पुरायला जागा असते. बाप्तिस्मा न घेतलेल्या अनुयायाला यातले काही मिळत नाही. त्याबदल्यात त्याचे भाऊबंद आणि गाव त्याच्याजवळ राहतात. दरबाराने हा सौदा माणसाला स्वतः करू दिला. कोणाला तो तोट्याचा वाटला असेल, पण तो त्याच्या वतीने दुसऱ्याने केला नव्हता.