ड्यूटी लिस्ट मीच लावतो

थकवा मिरवायला मला आवडतं. सलग छत्तीस तास जागून काढले, हे सांगताना माझ्या आवाजात तक्रार कमी आणि ऐट जास्त असते. मेडिसिनच्या रेसिडेन्सीचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी निमूटपणे सोसलं म्हणून डॉक्टर म्हणून घडलो, असं मी स्वतःला पटवलं आहे. नीट आठवून पाहिलं तर जे शिकलो ते राउंडवर कुणी शांतपणे समजावून सांगितलं तेव्हा.

मनात आणखी खाली पाहिलं की कोरडेपणा दिसतो. पहाटे रुग्ण दगावला की दुःखाआधी कागद आठवतात: मृत्यूचा दाखला, नातेवाइकांच्या सह्या. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउट मोजताना भावनिक थकव्याच्या जोडीला हा कोरडेपणाही धरला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता, न आवरलेल्या कामाच्या ताणाशी जोडलं. ते वाचून मला हायसं वाटलं. दोष कामाचा, माझा नाही! मग त्या हायसं वाटण्याचाच संशय आला.

व्यवस्थेचा दोष खरा आहे. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये ७४ तासांची मर्यादा सुचवली. तीस वर्षांत कागदावरची मर्यादाच वाढली; वॉर्डात ना ती पाळली गेली, ना ही.

अपुऱ्या खाटा आणि रिकामी पदं माझ्या हातात नाहीत. पण युनिटची ड्यूटी लिस्ट मीच लावतो. रात्रभर इमर्जन्सी सांभाळलेल्या ज्युनियरला सकाळी ओपीडीत कोण बसवतं? तिचे डोळे भरून आले की ‘आम्ही नाही का केलं?’ हे कुणाच्या तोंडी येतं? ती कमकुवत आहे असं मला खरं तर वाटत नाही. तिची सुटका झाली तर माझं सोसणं फुकट गेलं, असं वाटतं. कारण इतकं क्षुद्र आहे, आणि कुठल्याही परिपत्रकाने ते जाणार नाही.

पुढच्या महिन्याच्या यादीत ड्यूटीनंतरचा दिवस मी ज्युनियरांना मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी ओपीडीत मला बसावं लागेल. चिडचिड होणारच, ती त्यांच्यावर काढायची नाही, एवढं आजच ठरवून ठेवतो.