काटा शून्यावर आहे, म्हणजे नक्की काय?

तुमची जुनी गाडी हायवेवर बाकीच्यांच्या बरोबरीने साठच्या आसपास धावते आहे, आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडून आहे. हा काटा खोटं बोलतोय का?

प्रश्न पोरकट वाटेल. मीटर बिघडलाय, गॅरेजला टाका, विषय संपला. पण ‘चुकीचं’ आणि ‘खोटं’ यांतला फरक समजून घ्यायला याहून सोपं यंत्र मला अजून सापडलेलं नाही. म्हणून आधी जरा डॅशबोर्डच्या मागे डोकावू.

अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी, जुनी मारुती ८०० यांच्यात वेग मोजायला केबल असायची. गिअरबॉक्सपाशी एक छोटं दातेरी चाक, आणि तिथून मीटरपर्यंत गेलेली लांब केबल. गाडी चालली की केबलच्या आवरणातली तार स्वतःभोवती फिरते आणि मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाला लागून, पण त्याला न टेकता, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला उलट खेचत असते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. जर्मनीत ऑटो शुल्झे यांनी या रचनेचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या.

यातली स्प्रिंग महत्त्वाची. तिचं काम काट्याला शून्याकडे नेणं. गाडी थांबली की काटा शून्यावर येतो. पण केबल तुटली तरीही तो शून्यावरच येतो. ‘गाडी उभी आहे’ आणि ‘मला काहीच कळत नाहीये’ या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी सांगायला या यंत्राकडे एकच जागा आहे.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे यासाठी दोन वेगळ्या गोष्टी असतात : शून्य आणि ‘नल’. शून्य ही माहिती आहे, नल म्हणजे माहितीच नाही. नेटवर्क नसताना बँकेच्या अ‍ॅपने ‘शिल्लक ० रुपये’ दाखवलं तर तुमचं काय होईल याची कल्पना करा. म्हणून चांगलं अ‍ॅप तिथे आकडा न दाखवता ‘माहिती मिळू शकली नाही’ असं म्हणतं. केबलवाल्या मीटरला ही सोय नाही.

मग बिघाड शोधायचा कसा? जुने मेकॅनिक आधी काट्याला हात लावत नाहीत, किलोमीटरचा आकडा बघतात. काटा आणि आकडा एकाच केबलवर चालतात. दोन्ही बंद असतील तर दोष बहुतेक केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सपाशी. आकडा पुढे सरकतोय आणि काटा मेलेला, तर दोष मीटरच्या आत. काटा कमी वेगात थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी फार वाकलीय. काटा छान चालतो पण नेहमी त्याच प्रमाणात जास्त किंवा कमी दाखवतो, तर टायरचा साइज बदललाय का ते बघा. खात्रीसाठी फोनवरचा जीपीएस आहेच. तो नसेल तर हायवेवरचे किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पुरतं : साठच्या स्थिर वेगाने दोन दगडांमध्ये बरोबर साठ सेकंद जायला हवेत.

म्हणजे काटा हा साखळीचा शेवटचा दुवा आहे. दिसतो तो, म्हणून शिव्या त्याला. दोष मात्र कित्येकदा चार फूट मागे असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. काटा खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. काट्याला काहीच माहीत नाही. पण तुम्ही तपासणी केलीत, केबल तुटल्याचं तुम्हाला कळलं, की परिस्थिती बदलते. आता त्या आकड्याबद्दल जाणणारा एक माणूस गाडीत बसलेला आहे. माझ्या मते त्या क्षणापासून मीटरवरचा आकडा यंत्राचा राहत नाही, तो त्या माणसाचा होतो.

हे मला नाशिकच्या मामामुळे सुचलं. त्याला जुनी छोटी गाडी विकायची होती. केबल तुटून चौदा महिने झाले होते. तो रोज सिन्नरला कामाला जायचा, वेग अंदाजाने धरायचा, आणि किलोमीटरचा आकडा एकसष्ट हजारांवर गोठलेला होता. गाडी बघायला एक मुलगा आला. नुकती नोकरी लागलेली, पहिलीच गाडी. त्याने विचारलं, “काका, रनिंग किती झालंय?” मामा म्हणाला, “मीटरवर आहे ते बघ ना.”

मुलगा चक्कर मारायला निघण्याआधी मी मामाला आत बोलावलं. तो म्हणाला, “मी कुठे खोटं बोललो? मीटर मागे फिरवला असता तर गोष्ट वेगळी.”

वाद घालायला कठीण मुद्दा आहे हा. त्याने एकही चुकीचं वाक्य उच्चारलं नव्हतं. पण मुलाने आकडा विचारला होता तो गाडीबद्दल, आणि मामाने उत्तर दिलं मीटरबद्दल. या दोहोंमधलं अंतर फक्त मामाला माहीत होतं आणि फायदाही त्याचाच होता.

मामाचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता : “जुन्या गाडीच्या मीटरवर विश्वास ठेवतो कोण? सगळे आधीच मनात वीस हजार वाढवून धरतात. मी खरं सांगितलं तर तो त्यावर आणखी वीस वाढवेल.” अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन असा विचार मांडला, आणि २००१ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांत ते होते. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून निघून जातो. म्हणजे मामाचं निरीक्षण चूक नव्हतं. पण ज्या अविश्वासाची तो तक्रार करत होता, तो अशाच ‘मीटरवर बघ’वाल्या उत्तरांनी तयार झालेला असतो.

शेवटी आम्ही हिशेब मांडला. जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर, महिन्याला पंचवीस-सव्वीस दिवस, चौदा महिने. बावीस हजारांच्या आसपास. ‘माहीत नाही’ म्हणजे अगदीच अंधार नसतो, अंदाजाला सीमा घालता येतात. मामाने मुलाला सांगितलं, “केबल तुटलीय. वर वीस ते पंचवीस हजार धर.” मुलाने आठ हजार कमी केले आणि गाडी घेतली. आभार वगैरे मानले नाहीत. मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

कुणी म्हणेल, मग सगळेच मीटर खोटे, कारण चालू असलेले मीटरही अचूक नसतात. खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला क्रमांक ३९ चा नियम सांगतो की, स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखवायला मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत मुभा आहे. गाडी शंभरने जात असेल तर मीटरने एकशे चौदा दाखवलेलं चालतं. मुद्दाम ठेवलेली चूक! तरी तिला मी खोटं म्हणणार नाही. ती उघड आहे, कुणीही वाचू शकतो. शिवाय ती झुकते रस्त्यावरच्या लोकांच्या सुरक्षेकडे. गोठलेल्या एकसष्ट हजारांची चूक झाकलेली होती आणि विकणाऱ्याच्या खिशाकडे झुकत होती.

अचूकता कुठल्याच यंत्राला पूर्ण जमत नाही, माणसालाही नाही. त्यामुळे आकड्याला मी दोनच प्रश्न विचारतो : तो चुकू शकतो हे समोरच्याला माहीत आहे का, आणि चुकला तर नुकसान कुणाचं? ऑफिसमध्ये डॅशबोर्डवर ‘० तक्रारी’ दिसतात तेव्हाही हेच विचारायला हवं. तक्रारी खरंच नाहीत, की तक्रारींचा फॉर्मच महिनाभर बंद आहे? आणि तो बंद आहे हे कुणाला माहीत आहे?

नव्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गेला की कॉम्प्युटर पी०५०० असा कोड नोंदवून ठेवतो. ‘मला वेग कळत नाहीये’ असं सांगायची सोय यंत्राला अशी मिळाली. आपल्याला ती आधीपासूनच आहे. फक्त ती वापरली की कधीकधी आठ हजार कमी मिळतात.